भगवानशेठचं कृष्णविवर

बेलपाड्याच्या भगवानशेठ घरतांना बॅनरचा भारी नाद. पुतण्या दहावीला काठावर पास झाला, लागला बॅनर. घरात कुत्रा आणला, त्याच्या वाढदिवसाला बॅनर. जमीन गेली, पैसा आला, मागोमाग बिल्डरकी आली. पण नाक्यावरच्या खांबाला आपलं माणूस टांगलेलं दिसलं नाही, तर शेठना जेवण जात नसे.

त्यात लेक रंजिता पुण्याला खगोलशास्त्रात पीएचडी करू लागली. दूरच्या एका दीर्घिकेच्या पोटात भलंमोठं कृष्णविवर आहे, ते भोवतालचा वायू गिळतं तेव्हा क्ष-किरण सुटतात आणि त्यांचा उजेड सारखा कमीजास्त होतो, एवढं तिनं बापाला अनेकदा समजावलं होतं. एकदा फोनवर म्हणाली, "बाबा, हा चढउतार ठरावीक ठेक्यात होतोय असं दिसतंय. अजून तपासायचंय." शेठनी पहिलं वाक्य ऐकलं. दुसऱ्या वाक्याला ते फ्लेक्सवाल्याच्या वाटेला लागले होते.

"कृष्णविवराचा ठेका शोधणाऱ्या आगरी कन्येचे हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुकांची रांग, शेजारच्या गुरुदत्तपासून मेहुण्या बाळूपर्यंत सगळे गॉगल लावून, मोबाइल कानाला लावून. रंजिताचा फोटो त्या मानानं लहानच होता. मटणाचं गावजेवण झालं. कृष्णविवराची जागा कोणाच्या सातबाऱ्यावर आहे, असंही एकानं विचारून घेतलं.

महिन्याभरानं रंजिता घरी आली ती पडलेल्या चेहऱ्यानं.

"बाबा, बॅनर उतरवा. नवी निरीक्षणं आली, ठेका मोडला. वेड्यावाकड्या चढउतारातही चार फेऱ्या सारख्या दिसतात कधी कधी. मी फसले. तसं सगळ्यांना लिहून कळवणार आहे."

शेठच्या तोंडचं पाणी पळालं. पंचक्रोशीत नाक कापलं जाणार होतं. "कोनाला कलतंय गो? बेलपाड्यातून कोन जानार हाय तपासाला?"

"मला कळतंय ना," रंजिता म्हणाली आणि न जेवताच आत गेली.

शेठ तरातरा नाक्यावर गेले. खांबाला लेकीच्या बॅनरशेजारी दुसरा एक बॅनर फडफडत होता, "गावात मुबलक पाणी आणल्याबद्दल जाहीर आभार." त्याच्या खाली गावातली सोनाबाई टँकरवर हंडा भरत होती. तिच्याकडे आणि बॅनरकडे आळीपाळीनं बघताना शेठना आयुष्यात प्रथमच बॅनरची लाज वाटली. पोरीचा अभिमानही वाटला, तोही प्रथमच छापल्याशिवाय. पण जित्याची खोड, पाय फ्लेक्सवाल्याकडेच वळले.

"लिव," शेठ म्हणाले, "आमच्या रंजिताचा अंदाज चुकला. तिनंच तपासला, तिनंच सांगितला. हार्दिक अभिनंदन!"

शुभेच्छुक म्हणून फोटो द्यायला मात्र कोणी तयार होईना. गुरुदत्तला अचानक बाहेरगावी काम निघालं. बाळू मेहुण्याचा फोन लागेना.

"शेठ, फोटो कोणाचे टाकू?" फ्लेक्सवाल्यानं विचारलं.

"माजा एकट्याचा टाक. गॉगल नाय पायजे. आनि माजा बारका कर, पोरीचा मोठा."