महाबळेश्वरच्या अलीकडे, चर्चमागची कबर

महाबळेश्वरला लोक स्ट्रॉबेरी खायला जातात. मी आणि काकी गेलो ते माझा चुलता मेलाय की नाही, हे बघायला.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचे कार्यक्रम रेडिओवर नुसते ओसंडून चालले होते. मी तेव्हा तासगावजवळच्या आमच्या गावी होते. एका कार्यक्रमात महाबळेश्वरच्या अलीकडच्या एका जुन्या कॅथलिक चर्चबद्दल सांगत होते. चळवळीच्या दिवसांत तिथल्या पाद्र्यानं भूमिगतांना वेदीमागच्या खोलीत लपवलं होतं. पुढे गोरे साहेब प्रार्थना करायचे आणि मागे त्यांचेच फरारी झोपायचे. त्यातला एक तापानं तिथंच वारला. आमच्याच भागातला असावा, दंडावर मारुती गोंदलेला होता, एवढंच काय ते ठाऊक.

चुलीपुढे काकी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

काका पत्रीसरकारात गेले ते परत आलेच नाहीत. तुरुंगात नाहीत, गोळी लागल्याची बातमी नाही, कसला सांगावा नाही. बारा वर्षं झाली तेव्हा भटजी म्हणाले, आता विधी उरकून घ्या. काकीनं त्यांना शिधा दिला आणि वाटेला लावलं. जेमतेम दीड वर्षाचा संसार आणि पुढे पन्नास वर्षं कपाळावर ठसठशीत कुंकू! अशी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही.

"मारुती काय, निम्म्या तालुक्याच्या दंडावर हाय," ती म्हणाली. मग भाकरी तव्यावर टाकत, "पर जाऊन बघून तर यिऊ. त्ये ह्येनी न्हवंत, एवढं कळलं तरी बास."

दिवाळी संपता संपता निघालो. सांगलीहून पहाटेची एसटी पकडलीत तर दुपारपर्यंत वर पोचता येतं, मात्र कारखाने सुरू झाले असतील तर कराडपर्यंत उसाच्या गाड्यांमागे रखडायची तयारी ठेवा. सातारा स्टँडवर मिसळ बरी मिळाली. काकीनं फक्त चहा घेतला. वाईला गाडी बदलली. पसरणीचा घाट चढताना खाली धोम धरणाचं पाणी दिसतं, त्यासाठी खिडकीची जागा सोडू नका. काकी खिडकीशीच बसली होती, पण डोळे मिटून. मी तिला उठवलं नाही. ती झोपलेली नाही, हे मला कळत होतं.

चर्च लहानसं, जांभ्या दगडाचं. पावसाळ्यात भिंतींना बांधलेले गवताचे झाप अजून उतरवायचे होते. त्या दिवशी ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या आठवणीचा सण होता, हे आम्हाला माहीतच नव्हतं. मागच्या दफनभूमीत माणसं कबरी झाडत होती, झेंडूची फुलं वाहत होती, मेणबत्त्या लावत होती. तरुण फादरांनी आमची हकिकत ऐकून रोजाबाईंना बोलावलं. सत्तरीच्या होत्या. त्यांची आई तेव्हा चर्चमध्ये स्वयंपाक करायची.

"नाव-गाव कधी सांगितलं न्हाई त्येंनी. आमी भाऊच म्हनायचो," रोजाबाई म्हणाल्या. "मी पेज न्यायची. डावा कान फाटका व्हता. म्हशीच्या शिंगानं फाटला म्हनायचे."

रेडिओवर कानाचं कुणी काही बोललं नव्हतं, पण काकांच्या फाटक्या कानाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. काकीनं पदर तोंडाशी धरला. मला उगीचच त्या म्हशीचा राग आला.

रोजाबाईंनी एका लाकडी क्रुसापाशी नेलं. त्यावर लिहिलं होतं 'जुझे'. जाळलं असतं तर चौकशी झाली असती. म्हणून तेव्हाच्या फादरांनी, गोव्याहून आलेला आचारी वारला असं सांगून, पेटीत घालून पुरलं होतं.

"लय हाल झालं का वो त्येंचं?" काकीनं विचारलं.

"न्हाई. शेवटाला गुंगीतच व्हते. मी आन आई उशाला व्हतो." रोजाबाईंनी मेणबत्ती पेटवली. "आता फादर समद्यांची नावं घेतील. मी दर वर्साला जुझे म्हनूनच सांगती. खरं नाव सांगा की, आवं. आज खऱ्या नावानं प्रार्थना हुईल."

मी सांगायला तोंड उघडलं आणि काकीनं माझा हात घट्ट धरला. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं म्हणतात. काकीनं ते लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच. मतदार यादीवाले दारात आले की ती आम्हा पोरांना पुढे ढकलायची. आम्ही हसायचो.

ती क्रुसाजवळ सरकली. मग ओठ हलले.

"काय?" रोजाबाईंना ऐकू आलं नव्हतं.

"दौलत," काकी मोठ्यानं म्हणाली. "दौलत नाव हाय त्येंचं." आणि ती तिथंच मातीत बसली.

फादरांनी दौलत हे नाव घेऊन प्रार्थना म्हटली. आम्ही दोघींनी हात जोडले. एवढं रडू मला माझ्या आईच्या वेळीही आलं नव्हतं.

मुक्काम वाईच्या धर्मशाळेत केला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलो. शेजारची पारूआक्का दारातच भेटली. "कुटं गं गेलतीस, काकी?" तिनं सहज विचारलं.

काकी उंबऱ्यावर बसली आणि तिनं हंबरडा फोडला. दौलतचं नाव घेऊन, कालच गेल्यासारखं. गल्लीतल्या बाया धावत आल्या. कुणी समजूत घातली नाही, कुणी तिच्या बांगड्यांना हात लावला नाही. त्या नुसत्या तिला धरून बसल्या.

महाबळेश्वरला मी पुढे चार-पाचदा गेले. बाकीचे पॉइंट आता नीट आठवतही नाहीत. आठवते ती घरी परतल्यावरची संध्याकाळ. दिवेलागणीला पारूआक्का पिठलं-भाकरी घेऊन आली, तिच्यामागून आणखी दोन घरांतून टोपल्या आल्या, आणि आमच्या घरी चूल पेटली नाही.