एवाल्डची पाठ

माझ्या नवऱ्याला जगातली एकच गोष्ट कळते, आणि माझं दुर्दैव असं की जगातल्या निम्म्या गोष्टी तिच्यापासूनच झाल्या आहेत. ती गोष्ट म्हणजे कार्बन. एवाल्ड कोश्मीडर सोळाव्या वर्षी खाणीच्या शाळेत गेला. तिथे कुणा मास्तराने त्याला सांगितलं, की कोळसा, हिरा आणि पेन्सिलीचं शिसं हे तिघे सख्खे भाऊ. त्याला आता पन्नास वर्षं झाली, पण आमचा एवाल्ड ही बातमी आज सकाळीच कळल्यासारखी सांगतो. पाव करपला, की "हेही तेच." साखर काळी पडली, की "हेही तेच." सोड्याच्या बाटलीतून बुडबुडे आले, की "यातही तेच, फक्त हवेच्या रूपात." एकदा माझं पोट बिघडलं आणि औषधवाल्याने कोळशाच्या गोळ्या दिल्या. तेव्हा याचा चेहरा असा काही फुलला, की माझ्या पोटाचं पुढे काय झालं हे विचारायचंही तो विसरला.

लग्न ठरलं तेव्हा मी अंगठीचा विषय काढला होता.

"हिरा काय नि कोळसा काय, रोझविता, दोन्ही एकच," तो म्हणाला. "फरक फक्त कणांच्या मांडणीचा."

"मग मांडणी बदलून आण."

त्याने चांदीची अंगठी आणली.

नंतरची बत्तीस वर्षं तो जमिनीखाली हजार मीटरवर कोळसा काढत राहिला आणि मी जमिनीवर तोच कोळसा पुसत राहिले. खिडकीच्या कडेवर काजळी, पडद्यांवर काजळी, दोरीवरच्या चादरींवर काजळी. वारा खाणीकडून असला की आमच्या वसाहतीतल्या सगळ्या बायका एकदम बाहेर धावायच्या आणि कपडे ओढून काढायच्या. नवरे मात्र लख्ख. लोकांना वाटतं, खाणकामगाराची बायको दारात बादली घेऊन उभी असते आणि काळाकुट्ट नवरा घासून काढते. कसली बादली! तो घरी यायचा तो आंघोळ करून, भांग पाडून, पापण्यांच्या कडा तेवढ्या काजळ घातल्यासारख्या काळ्या. आंघोळ खाणीवरच व्हायची, शंभर माणसं एका न्हाणीघरात. आणि स्वतःची पाठ कुणालाच घासता येत नाही, म्हणून शेजारचा माणूस "वळ" म्हणायचा, तुम्ही वळायचं, तो तुमची पाठ घ्यायचा, मग तुम्ही त्याची. मुकादम असो नाहीतर इंजिनियर, पाठ सगळ्यांनाच असते.

एवाल्डची पाठ सव्वीस वर्षं नेव्झातकडे होती. नेव्झात काळ्या समुद्राकाठच्या झोंगुलदाकचा. तिथेही कोळशाच्याच खाणी. म्हणजे एक भोक सोडून दुसऱ्या भोकात आलेला हा शहाणा. एवाल्डच्या पाठीवर निळ्या रेघा आहेत. दगड लागून कातडी फाटते, जखम भरायच्या आत कोळशाची धूळ आत जाऊन बसते आणि वरून कातडी मिटते, ती कायमची. त्या रेघा नेव्झातला पाठ होत्या. मला नाही. मी कधी स्पंज घेऊन गेले, की "राहू दे गं, नेव्झातने घेतलीय." मला नेव्झातचा हेवा वाटायचा. सरळ सांगते, अजून वाटतो.

खाण बंद झाली, नेव्झात गावी परत गेला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. "पाठ कशी आहे?" नेव्झात विचारतो. "खाजते," एवाल्ड म्हणतो. मग दोघे बराच वेळ काहीच बोलत नाहीत आणि फोन ठेवतात. याला ते मैत्री म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी एवाल्डला दम लागायला लागला. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दिव्यावर लावला आणि पांढरे ठिपके दाखवून म्हणाल्या, ही खाणीतली धूळ.

"पांढरे?" एवाल्ड दुखावला. "बत्तीस वर्षं काळ्यात घालवली, आणि पांढरे?"

"फोटोत ते तसेच दिसतात."

"तुमचं यंत्र तपासून घ्या."

आमची झोपायची खोली आणि न्हाणी दोन्ही वरच्या मजल्यावर, तेरा पायऱ्या चढून. मार्चपर्यंत त्या तेरा त्याच्या आवाक्याबाहेर गेल्या. तो स्वयंपाकघरातल्या सोफ्यावर झोपू लागला, आपल्या लाडक्या कोळशाच्या चुलीशेजारी. फुप्फुसात तेच, चुलीत तेच. मी वर एकटी. त्रेचाळीस वर्षं त्याच्या घोरण्याला शिव्या घातल्या आणि आता त्या शांततेत मला झोप येईना. डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला: गरम पाण्याच्या तलावात श्वासाचे व्यायाम, मंगळवारी आणि शुक्रवारी. एवाल्ड आधी कुरकुरला. पण तिथलं पाणी कोळशाच्या गाळणीतून येतं असं कुणीतरी त्याला सांगितलं, तेव्हापासून तो देवळात जावं तसा जाऊ लागला. जूनमध्ये एक दिवस तो तेराही पायऱ्या चढून वर आला आणि स्वतःच्या पलंगावर बसला. मी भिंतीकडे तोंड करून रडले, म्हणजे त्याला शिष्टपणा करायला वाव मिळायला नको.

आणि मग जुलैत तो ल्यूडेनबाख साहेब आडवा आला.

हे गृहस्थ ड्युसेलडॉर्फचे निवृत्त वकील. खाणीच्या मॅनेजरचा जुना बंगला विकत घेऊन आमच्यात राहायला आले, कारण त्यांना 'अस्सल माणसांत' राहायचं होतं. अंगणात खाणीतली लोखंडी गाडी उभी करून त्यांनी तिच्यात फुलझाडं लावली. वर्षभरात खाण-वारसा मंडळ काढलं आणि स्वतः अध्यक्ष झाले. खाणीत उतरताना माणसं एकमेकांना 'ग्ल्युक आउफ' म्हणायची, म्हणजे सुखरूप वर ये. हे महाशय पाव आणायला गेले तरी दुकानात ग्ल्युक आउफ.

तर त्या शुक्रवारी एवाल्ड तलावावरून वेळेआधीच घरी आला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. फवाऱ्याखाली एक म्हातारा होता. पाठीला हात पोचेना बिचाऱ्याचा. भिंतीला अंग घासत होता, गुरांसारखा. मी म्हटलं, वळ. आणि घेतली पाठ."

"अनोळखी माणसाची? उघड्यानागड्याची?"

"मग काय कोटावरून घेऊ?"

"आणि?"

"ओरडला."

"किती?"

"पाळीचा भोंगा वाजावा तितका."

सोमवारी तलावाच्या कार्यालयाचं पत्र आलं. इतर स्नानार्थ्यांना अनाहूत स्पर्श केल्याबद्दल श्री. कोश्मीडर यांना वर्षभर प्रवेशबंदी, तक्रारदार श्री. ल्यूडेनबाख यांची लेखी माफी मागितल्यास किंवा त्यांनी तक्रार मागे घेतल्यास फेरविचार होईल. मी लगेच पेन्सिल घेऊन माफीनामा लिहून काढला. चार ओळी, नम्र, खोट्या.

एवाल्डने पेन्सिल हातात घेऊन फिरवली. "हेही..."

"सही कर."

"कशाबद्दल माफी? साबण राहिला असता पाठीला, तर मागितली असती."

महिनाभर मी त्याच्यामागे लागले, आणि महिनाभर सही झाली नाही. ऑगस्टअखेर तो जिन्याच्या पाचव्या पायरीवरून परत फिरला आणि सोफ्यावर जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच बंगल्यावर गेले.

"ग्ल्युक आउफ, कोश्मीडर बाई!"

"नमस्कार," मी म्हणाले.

दिवाणखान्यात काचेच्या पेटीत, खास दिव्याखाली, कोळशाचा एक तुकडा ठेवला होता. त्याचे दोन टन भाऊबंद आमच्या तळघरात अंधारात पडले आहेत, पण प्रत्येकाचं नशीब. मी साहेबांना सगळं समजावून सांगितलं: न्हाणीघर, वळ, पाठ. ते ऐकता ऐकता खुर्चीच्या टोकावर आले.

"म्हणजे तो तुमच्या लोकांचा रिवाज होता? आणि मी समजलो... अहो, हे विलक्षण आहे! हे जपलं पाहिजे!"

"आधी तक्रार मागे घ्या. मग जपा."

"घेतो, घेतो. एक छोटीशी विनंती आहे. बारा ऑक्टोबरला मंडळाचा कार्यक्रम आहे, जुन्या न्हाणीघरातच. आता तिथे लग्नाचा हॉल आहे, तुम्हाला ठाऊकच असेल. कोश्मीडर साहेबांनी हे मंचावर करून दाखवावं. त्याच दिवशी तक्रार मागे."

"करून दाखवायचं? कुणाच्या पाठीवर?"

"माझ्या," ते लाजून म्हणाले.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला माणूस वर हवा होता; त्यासाठी ल्यूडेनबाखांची पाठच काय, मी त्यांची फुलांची गाडीही घासून दिली असती.

एवाल्डने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाही."

"अरे, दहा मिनिटांचं काम! पुन्हा मंगळवार-शुक्रवार सुरू होईल."

"तो काळा झालेला नाही. आपल्याबरोबर काळा झालेल्याची पाठ घेतात. नुसत्या माणसाची नाही."

"मग तलावावर कशाला घेतलीस मेल्याची?"

तो चुलीकडे बघत राहिला. "तेव्हा वाफ होती गं," तो म्हणाला. "वाफेत मला वाटलं..." मला कळलं काय वाटलं ते. कळलं म्हणूनच मी जास्त चिडले.

"मग झोप जन्मभर सोफ्यावर!"

"झोपतो."

कार्यक्रम त्याच्यावाचून झाला. अग्निशामक दलाच्या बँडमधल्या एका बाजेवाल्याने मंचावर ल्यूडेनबाख साहेबांची पाठ घासली, केक खात खात साठ लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि वर्तमानपत्रात फोटो आला: 'परंपरा जिवंत आहे.' तक्रारही जिवंत राहिली.

पुढच्या शनिवारी चूल धूर ओकायला लागली. धुराड्याचा पाइप तुंबला होता. तो साफ करणं हे आजवर एवाल्डचं काम, पण आता वाकला की त्याला खोकल्याची उबळ येते. तेव्हा मी खुर्चीवर चढले आणि तो सोफ्यावरून हुकूम सोडू लागला.

"खालून धर. अगं, खालून! तिथून नाही!"

"तू ये ना मग वर!"

एवढं बोलेपर्यंत पाइप निसटला आणि सगळी काजळी माझ्या डोक्यावर, मानेवर आणि मागच्या बाजूने थेट कपड्यांच्या आत.

"काजळी म्हणजे बघ, अगदी शुद्ध..." एवाल्ड सुरू झाला.

"एक शब्द बोललास तर हा पाइप तुझ्या डोक्यात घालीन!"

तो हसला, मग खोकला. मी पाय आपटत वर गेले, टबात पाणी सोडलं आणि बसले. हात निघाले, तोंड निघालं. पाठीला हात पोचेना. वरून घातला, खालून घातला, काळं पाणी नुसतं पसरत होतं. तीन महिन्यांनी मला त्या भिंतीला घासणाऱ्या म्हाताऱ्याची दया आली.

तेवढ्यात जिना वाजला. एक पायरी. थांबला. दुसरी.

"एवाल्ड, खाली जा!" मी ओरडले. "मूर्खा, खाली जा!"

तिसरी, चौथी. पाचवीला खोकला. सातवीला इतका वेळ शांतता, की मी साबणाच्या अंगाने अर्धी उठून उभी राहिले. मग आठवी. मी मोजत होते आणि रडत होते, आणि काजळी माझ्या डोळ्यांत जात होती. तेरावी वाजली तेव्हा पाणी गार झालं होतं.

दार उघडलं. ओठ निळे, कपाळावर घाम, चौकट दोन्ही हातांनी धरलेली. काजळीवरचं व्याख्यान पुरं करायलाही त्याच्याकडे दम उरला नव्हता. टबाच्या काठावर टेकून तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मग एकच शब्द बोलला.

"वळ."

मी वळले. खांद्यापासून खाली, मग आडवं, मग मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, कढई घासावी तसं. नाजूकपणा अजिबात नाही. शेवटी पाणी ओतून तळव्याची एक थाप, म्हणजे काम झालं. मग त्याने शर्ट काढला आणि स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसला.

"नेव्झात कशी घ्यायचा?" मी विचारलं.

"वरून खाली. आणि बोलायचा नाही."

मी बोलले नाही. सतरा निळ्या रेघा आहेत. मी मोजल्या.

रविवारी फोन आला, तेव्हा "पाठ कशी आहे?" याला एवाल्डने नेहमीचं उत्तर दिलं नाही. "घेतली," तो म्हणाला. पलीकडून नेव्झातने विचारलं, "कुणी?"

आता दर शनिवारी एवाल्ड तेरा पायऱ्या चढतो, अर्धा तास लावून. सातव्या पायरीवर मी बसायला उशी ठेवली आहे. रात्री तो वरच राहतो. मी मात्र शनिवारी दुपारी आधी तळघरात जाते आणि कोळशाच्या ढिगात हात घालून मान, खांदे, पोचेल तितकी पाठ चांगली काळी करून घेते. त्रेचाळीस वर्षं मी ज्या घाणीशी भांडले, ती अंगाला फासून वर येते आणि सांगते, पाइप पुन्हा तुंबला होता. चुलीचा पाइप दर आठवड्याला कसा काय तुंबतो, हे बत्तीस वर्षं कोळशात काढलेल्या माणसाने मला अजून विचारलेलं नाही.