नाव न सांगणारे भाऊजी

झाशीत निधड्या छातीची माणसं पुष्कळ होऊन गेली. पण स्वतःचं नाव सांगायलाही कचरणारा माणूस या गावात एकच, आणि तो म्हणजे माझा धाकटा दीर. घरी आलेल्या पार्सलावरचा नावपत्त्याचा कागद भाऊजी आधी बादलीत भिजत घालतात, मग चोळून त्याचा लगदा करतात आणि तो गुलाबाच्या कुंडीत पुरतात. 'वहिनी, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो,' असं वर मला ऐकवतात. वास्तविक त्यांचं तोंड दुधाने कधी पोळल्याचं कुणाला ठाऊक नाही. आधार कार्डाची झेरॉक्स कुठे द्यायची झाली, की तिच्यावर आडवं-तिरपं 'फक्त गॅसच्या जोडणीकरिता' असं इतक्यांदा लिहितात की एकदा गॅस एजन्सीतल्या बाईंनी विचारलं, "चाचाजी, इसमें आप हैं किधर?" भाऊजी ते वाक्य आठवडाभर पदक मिळाल्यासारखं सगळ्यांना सांगत होते.

एके वर्षी गणपतीत इथल्या मराठी मंडळींच्या सत्यनारायणाला त्यांना पूजेला बसवलं. संकल्पाच्या वेळी गुरुजींनी माइकवरून नाव-गोत्र विचारलं. भाऊजी म्हणाले, "देवाला ठाऊक आहे. माइक बंद करा, मग तुमच्या कानात सांगतो." सगळा मांडव हसला. सर्वांत मोठ्याने हसले ते आमचे हे, म्हणजे भाऊजींचे सख्खे दादा.

हे गेले आणि प्रेम नगरच्या घरात मी एकटी उरले. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. भाऊजी रोज दुपारी सायकलवरून येत आणि टेकायच्या आत चौकशी सुरू करत: आज कुणाचा फोन आला, त्याने काय विचारलं, तुम्ही काय सांगितलंत? खरं सांगते, मला त्याचा वीट यायचा. मी म्हणायची, "भाऊजी, माझ्यासारख्या म्हातारीला लुटून कुणाचं भलं होणार आहे?"

आणि एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर खाकी वर्दीतला माणूस. माझं आधार वापरून कुणी नशेच्या गोळ्या परदेशी पाठवल्यात म्हणे, आणि मला अटक झाली आहे. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला काही कळू द्यायचं नाही. यांनी माझ्या म्हातारपणासाठी ठेवलेली ठेव मोबाइलवरूनच मोडून 'जाँच के लिए' त्यांच्या खात्यात टाकायची. निर्दोष ठरले की परत. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई मी, पण वर्दी बघून मला सगळं खरं वाटलं. मी ठेव मोडायला घेतली, तेवढ्यात दारावर थाप पडली.

"वहिनी, दार उघडा."

पडद्यावरचा गुरकावला, "जो कहना है, हिंदी में कहिए. हमारी समझ में आना चाहिए."

मी आतूनच म्हणाले, "भैया, अभी नहीं. बाद में आइए."

बाहेर सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला. गेले, असं वाटलं. पण थोड्याच वेळात मागच्या अंगणातून, स्वयंपाकघरातून, चपलांसकट भाऊजी आत आले. सोवळ्याओवळ्याचा हा माणूस जन्मात पहिल्यांदा चपला घालून चुलीपाशी आला असेल. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"आप कौन? नाम बताइए," वर्दीवाला ओरडला.

"नाम तो मैं सत्यनारायण भगवान को भी ज़ोर से नहीं बताता," भाऊजी शांतपणे म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला.

मग बँकेला कळवून माझं खातं थांबवणं, पोलीस ठाण्यात तक्रार देणं, सगळं त्यांनीच केलं. 'मी सांगत नव्हतो?' हे वाक्य त्या दिवशी त्यांना शोभून दिसलं असतं, पण ते त्यांनी तोंडातून काढलं नाही. घरी आल्यावर चहासुद्धा त्यांनीच टाकला. मला रडू आवरेना. "मी एवढी शिकलेली, भाऊजी, अशी कशी फसले?"

"घाबरलेल्या माणसाला शिकलेलं आठवत नाही, वहिनी. डर में सब एक जैसे."

"पण तुम्हाला कळलं कसं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "दादा गेले. घरात मुलं-सुना मराठी समझतात, पण जवाब हिंदीतच देतात. माझ्याशी मराठीत बोलणारं आता तुम्हीच एक उरलात. तुम्हीही भैया म्हणालात, तेव्हा वाटलं, चला, हे दारही बंद झालं. सायकल वळवली होती मी. मग मनात आलं, वहिनी असं करायच्या नाहीत. आत नक्की दुसरं कुणी आहे."

यांनी ठेवलेला पैसा वाचला. त्याबद्दल भाऊजींचे उपकार मी जन्मभर मानीन, आणि ते त्यांना तोंडावर सांगितलंही आहे. पण हल्ली दुपारी ते आले की मी हातातलं काम बाजूला ठेवते. भाजी काय केली, मुलीचं काय चाललंय, गुडघा कसा दुखतो, असलं काहीबाही मराठीत बोलत बसते. ते निघायला उठले, तरी दारापर्यंत बोलतच जाते.