राफाएलची लढाई

राफाएलबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या जुन्या लोकांत अजूनही त्याचं नाव निघालं, की कुणीतरी हसून म्हणतं, "तो ऐनवेळी घाबरलेला मेक्सिकन ना?" मी विषय बदलतो.

इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमला, त्याची आणि माझी भिंत एक. शाळेत स्पॅनिश शिकवून रिटायर झालेला, बायको गेलेली, गाव मेक्सिकोतलं पुएब्ला. दर पाच मेला सकाळी तो काळा सूट घालून मागच्या बागेत यायचा, चढावर दोन कुंड्या पालथ्या घालायचा आणि कुंपणावरून हाक मारायचा, "डॉक्टर, या! आज तुम्ही फ्रेंच." १८६२ साली पाच मेला पुएब्लात मेक्सिकनांनी फ्रेंच फौजेला हरवलं होतं; कुंड्या म्हणजे तिथल्या टेकडीवरचे किल्ले. मी खालून हल्ला करायचा, त्याने मला परतवून लावायचं. पाऊस असला तर स्वारी जास्तच खूश. "इथे सगळे पावसाला शिव्या देतात. आमच्या पावसाने त्या दिवशी चढ असा निसरडा केला, की फ्रेंचांची नावाजलेली फौज चिखलात घसरली!"

लढणारे आम्ही दोघेच. बघायला कुणी नाही. मग चहा पिताना तो गंभीर व्हायचा. "पुढच्या वर्षी ते परत आले. वेढा घातला, लोकांची उपासमार केली, शहर घेतलं. तेही सांगायचं, डॉक्टर. नुसतं जिंकलेलं सांगतो तो बढाईखोर."

एकदा मी त्याला संक्रांतीच्या दिवशी झालेलं पानिपत सांगितलं. तेव्हापासून संक्रांतीला तिळगूळ हातात घेतला, की तो आधी हळूच विचारायचा, "आजच ना?" माझ्या मुलांनाही ते ठाऊक नव्हतं.

मी तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी. एका वर्षी हॉलच्या सोयीने आमचा महाराष्ट्र दिन पाच मेला आला. मीच त्याला म्हटलं, "पुएब्लावर दहा मिनिटं बोल." भिंतीपलीकडून त्याचा सराव ऐकू यायचा. शेवटचं वाक्य त्याला मराठीत हवं होतं. ते त्याने माझ्याकडून घोटून घेतलं: "पुएब्लाकडून पानिपताला नमस्कार."

कार्यक्रम नेहमीसारखा लांबला. लेझीम, सत्कार, पाहुण्यांचं भाषण. राफाएल पहिल्या रांगेत, एक शब्द न कळता ताठ बसलेला. किचनमधून निरोप आला, मसालेभात गार होतोय आणि हॉल वेळेत रिकामा करायचाय. तरुण मुलांनी पार्टी-शॉपमधून एक भलीमोठी मेक्सिकन टोपी गमतीला आणली होती. मी माइकवर म्हणालो, "आणि हे आपले मेक्सिकन मित्र!" आणि ती टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. हशा झाला, टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं.

"आता बोलू?" त्याने विचारलं.

"पुढच्या वर्षी," मी त्याच्या कानात म्हणालो.

त्याने टोपी काढून नीट खुर्चीवर ठेवली आणि तो निघून गेला. जेवताना एका बाईंनी विचारलं, "अहो, ते बोलणार होते ना?" मी म्हणालो, "ऐनवेळी घाबरला हो बिचारा."

पुढच्या पाच मेला त्याची बाग रिकामी होती. संध्याकाळी मी माफी मागायला त्याच्या दाराशी गेलो. तो स्लिपर्स घालून आला, हसला. मी म्हणालो, "बँक हॉलिडे आहे, या आठवड्यात कचऱ्याची गाडी एक दिवस उशिरा येणार."

"थँक यू, डॉक्टर," तो म्हणाला, आणि माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत तसाच दार धरून उभा राहिला. मी घरी आलो. त्याच हिवाळ्यात तो गेला.

ते पुढचं वाक्य असं होतं: राफाएल, तू तयार होऊन आला होतास. तुला बोलू दिलं नाही ते मी, आणि तू घाबरलास असं लोकांना खोटं सांगितलं तेही मीच. मला माफ कर.