शेवटचा बदल कोणी केला

खोटं कशाला बोलू, ती पोरगी मला पहिल्या दिवसापासून खुपली. विठ्ठलवाडीहून यायची, वयाने माझ्याहून बरीच लहान, आणि आल्याआल्या सरांची लाडकी. कोपरीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनतं. सहा वर्षं मी तिथे घासतेय, आणि सर म्हणतात काय, "टीम लीड तुमच्या दोघींपैकी एक." दोघींपैकी! माझा नुसता तिळपापड झाला.

लसीकरणाच्या वेळापत्रकाचं काम तिला मिळालं. एकेका दवाखान्याची नोंद तिने स्वतः भरली. रोज डबा खाऊन झाला की मी त्या नोंदी उघडून बसायचे. एक तरी चूक सापडू दे रे देवा! सापडायची नाही. मग चरफडत सेव्ह दाबायचे आणि बाहेर पडायचे. हाताला सवयच ती.

आता, नोंद सेव्ह होताना आपोआप चालणारा एक कोड असतो, त्याला आम्ही हुक म्हणतो. तो मीच लिहिलेला. 'शेवटचा बदल कोणी केला' या रकान्यात तो नाव टाकायचा. नोंदीत खरंच काय बदललं, यावर आम्ही वापरतो ती तयार कोडची लायब्ररी बारीक लक्ष ठेवून असते. हुकने त्या लायब्ररीला नुसतं विचारायचं होतं. मी ते लिहिलंच नव्हतं. सेव्ह दाबलं की पडलं नाव.

निवडीच्या मीटिंगला सरांनी नोंदींची यादी भिंतीवर दाखवली. वरपासून खालपर्यंत माझंच नाव. "अरे वा, म्हणजे हिचं सगळं तुम्हीच निस्तरलंत होय?" ती माझ्याकडे बघत राहिली. 'नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी बाटली उघडली आणि पाणी प्यायले. लीड मी झाले.

पुढच्या आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली. "ताई, तुमचा हुक दुरुस्त केलाय. आता काही बदललं असेल तरच नाव पडेल." मग हळू आवाजात म्हणाली, "कोणी कधी काय सेव्ह केलं त्याचा लॉग पण बघितला. तुमच्या एकाही सेव्हमध्ये बदल नाहीये. सरांना नाही सांगितलं मी. पण चूक शोधत होतात ना? सापडली तर आधी मला सांगा."

मान वर करायची माझी हिंमत झाली नाही. मेली भांडली असती तरी चाललं असतं.

तिच्या नोंदी मी अजूनही उघडते. चूक अजून सापडलेली नाही. आता सेव्ह दाबलं तरी माझं नाव कुठे पडत नाही. ती सोयही तिनेच करून दिलीय.