उतरली नाही, मुरली

सुनेनं आमच्याच द्राक्षांची आठ वर्षं जपलेली पांढरी वाईन काल पाहुण्यांपुढे पहिल्यांदा ओतली. पेल्यात बघतो तर रंग तुपासारखा पिवळा. मी लगेच बोललो, "उतरलीय ही. जन्म गेला माझा द्राक्षांत. दे मोरीत ओतून!" पाहुण्यांनी उचललेले पेले खाली ठेवले. सून हळू म्हणाली, "आबा, उतरली नाही, मुरलीय. चाखा तरी." चाखली. आधी मध, मग भाजल्या शेंगदाण्याचा खरपूस वास, आणि चव जीभ सोडेना. लोणचं मुरतं, माणूसही मुरतो म्हणतात. मी नुसताच म्हातारा झालो. "चुकलो" एवढंच चारचौघांत म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "बरी आहे." सून खाली मान घालून टेबल पुसत राहिली. मला तिच्याकडे बघवेना.