सुरुंगअण्णा आणि बंद खाण

अण्णांनी एकतीस वर्षं दगडाच्या खाणीत सुरुंग लावले, म्हणून सगळे त्यांना सुरुंगअण्णाच म्हणत. खाण बंद पडल्यावर मालकाने त्यांना तिथेच राखणीला ठेवलं. राखायचं काय, तर उघडाबोडका कातळ. पायाला भिंगरी लागलेल्या माणसाला हे कसं झेपणार? त्यांनी चाळीस रोपं आणून लावली. उन्हाळ्यात सगळी वाळून गेली. पुढच्या वर्षीही तेच.

हळूहळू कातळावर शेवाळ धरलं, फटींतून गवत आलं आणि गवतामागून काटेरी झुडपं. झुडपं दिसली की अण्णांचे हात शिवशिवायचे. रोज सकाळी कुदळ घेऊन ते ती उपटत सुटायचे.

"काटे घरात आणू नका," बायको म्हणायची. "आणि जरा बूड टेकवा."

सून कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. सुट्टीत ती खाण बघायला आली आणि तिने अण्णांची कुदळ मध्येच धरली.

"थांबा, बाबा. याच्या खाली बघा."

काट्यांच्या आडोशाला अंजिराचं बोटभर रोप उभं होतं.

"हे मी लावलेलं नाही."

"पाखरांनी लावलंय. शेवाळाने चिमूटभर माती केली, गवताने ती धरली, वाढवली, म्हणून झुडूप आलं. आता झुडपाच्या सावलीत झाड येतंय. तुम्ही मधली पायरीच उपटताय."

अण्णांनी कुदळ खाली ठेवली. सहा वर्षं ते हेच करत होते.

"मग मी करू काय?"

"काहीच नाही."

हे मात्र सुरुंगापेक्षा अवघड निघालं. कुदळ त्यांनी बायकोच्या ताब्यात दिली आणि दिवसभर ते खाणीत येरझाऱ्या घालू लागले. अंजीर दर आठवड्याला वितीने मोजायचे.

दहा-बारा वर्षांत झाडं डोक्यावर गेली. त्यांच्या सावलीत गवत विरळ झालं, झुडपं सुकू लागली. अण्णांनी घाईघाईने सुनेला फोन लावला.

"झुडपं मरताहेत. पाणी घालू?"

"नको, बाबा. त्यांचं काम झालं."

ते वाक्य त्यांना चार दिवस टोचत राहिलं. शेवटी बायकोला म्हणाले, "माझंही झालं, असंच ना?"

"तुमचं झालं असेल. माझं नाही. ती भांडी पुसा."

त्याच पावसाळ्यात खाणीची पलीकडची कड ढासळली आणि नवा कोरा कातळ उघडा पडला. अण्णा रोज तिथे जाऊन दगडावर बोट फिरवू लागले. तिसऱ्या वर्षी बोटाला हिरवं लागलं. चपला न काढताच ते स्वयंपाकघरात शिरले आणि बोट बायकोच्या नाकासमोर धरलं.